पद्मिनीची पीयूसी : नामपल्लीच्या घरातल्या तीस पावत्या



आपल्या समूहावर आजवर विवेकवर्धिनीच्या आठवणी आल्या, मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आल्या, इसामिया बाजारातल्या गणपतीच्या आल्या. मी आज एका गाडीची गोष्ट लिहितेय. गाडीची म्हणजे खरं तर तिच्या धुराची. विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

नामपल्लीचं आमचं घर गेल्या वर्षी रिकामं केलं. स्टेशनापासून युसुफैन दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, गल्लीत होतं ते. माळ्यावर बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. त्यात आजोबांची वकिलीची सनद, आईची शिवणाची पुस्तकं आणि एका लाल फीत बांधलेल्या फायलीत पीयूसीच्या पावत्या. मोजल्या, तर तीस! पहिली नोव्हेंबर १९९४ ची, शेवटची मे २००९ ची. बाबा एजी ऑफिसात ऑडिटला होते, त्यामुळे कागद फेकून देणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. मी हसले आणि फाईल बाजूला ठेवली. रात्री पुन्हा उघडली, आकडे एकाखाली एक वाचले, आणि मग झोप लागेना. का, ते पुढे सांगते.

आधी थोडं मागचं. आमचे आजोबा मूळचे परभणीकडचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा शिकायला आणि वकिलीला हैदराबादला यायचं हा आपल्याकडचा शिरस्ताच होता. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. जिल्हे गेले, पण आजोबांसारखी माणसं राहिली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची हीच कथा आहे. राहिलेल्यांना नातेवाइकांकडे जायला रेल्वे लागायची, आणि नातेवाइकांना आमच्याकडे यायला नामपल्ली किंवा काचीगुडा. म्हणून आमचं घर म्हणजे कायम धर्मशाळा.

तसं मोटारगाडीचं हैदराबादला अप्रूप नव्हतं. निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच सत्तावीस बसेस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली होती. सरकारी मालकीच्या बससेवेचा देशातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. पण घरची गाडी? ती मध्यमवर्गाला फार उशिरा मिळाली. गाड्या थोड्या, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. बाबांनी १९८६ साली जुनी घेतली. १९७९ ची प्रीमियर पद्मिनी, फिक्कट निळी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. सगळे तिला फियाटच म्हणायचे. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. आत्या म्हणायची, "आपल्या सोलापूरच्या माणसाची गाडी आहे, माहेरची समज." मी पब्लिक गार्डनच्या बाजूच्या रस्त्यावर पहाटे पहाटे हीच गाडी शिकले. बाबा शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसायचे.

गाडी सांभाळायचे उस्ताद. त्यांचं गॅरेज म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक टिनाचं छप्पर आणि कडुलिंबाचं झाड. नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलांना आवडणार नाही. आम्ही सगळे उस्तादच म्हणायचो. १९९२-९३ च्या सुमाराला गाडी चौरस्त्यावर सिग्नलला बंद पडायला लागली. उस्तादांनी बघितलं, मूळचा सोलेक्स कार्बोरेटर आतून झिजला होता, दांड्याच्या भोकातून हवा ओढत होता. नवा महाग. उस्ताद जुमेरात बाजारातून मारुतीचा एक जुना कार्बोरेटर घेऊन आले, खाली जाड पट्टी कापून बसवली, केबल जोडली. गाडी अशी पळायला लागली की बाबांनी पेढे वाटले. आमच्या गाडीतला पहिला फेरफार तो. आता त्याला मॉडिफिकेशन म्हणतात. तेव्हा 'जुगाड' म्हणायचे.

पीयूसी तेव्हा नुकतीच अंगवळणी पडत होती. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला, त्याबरोबर केंद्रीय नियमावली आली. तिच्या ११५ व्या नियमात लिहिलं होतं की पेट्रोलवरच्या चारचाकीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं, म्हणजे आयडलिंगला, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के. दाखला सहा महिन्यांचा. आणि खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी तपासून नवं करायचं. आमच्या गाडीची पंधरा वर्षं डिसेंबर १९९४ ला भरत होती. म्हणून पहिली पावती नोव्हेंबर १९९४ ची.

तो दिवस मला आठवतो, कारण मी सोबत होते. रस्त्याच्या कडेला व्हॅन उभी. पोरानं सायलेन्सरच्या नळीत लांब दांडी घातली, मशीनवर आकडा पळत पळत ५.४ वर थांबला. बाबांचा चेहरा पडला. फेल हा शब्द आमच्या घरात कोणी ऐकला नव्हता.

गाडी उस्तादांकडे. उस्ताद शांत. "साब, गाडी ठीक है. मशीनकू गाडी समझती नै." पेचकस घेतला, कार्बोरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा आत फिरवला. गाडी कुरकुरायला लागली, थरथरायला लागली, पण बंद पडली नाही. "ऐसेच लेके जाओ. रेस नक्को करो." पुन्हा व्हॅनकडे. आकडा २.८. पास! पावती घेतली, गाडी कशीबशी परत आणली, आणि उस्तादांनी स्क्रू होता तिथे परत फिरवला. पाच मिनिटांचं काम.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही नंतरच कळलं. इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून जळतात. पेट्रोल जास्त, हवा कमी झाली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. शेगडीत कोळसा कोंडला की होतो तोच वायू, त्याला ना रंग ना वास. स्क्रू आत फिरवला की पेट्रोल कमी होतं, आकडा उतरतो. पण गाडीत दम राहत नाही, म्हणून परीक्षा झाली की स्क्रू परत जुन्या जागी. पुढची सहा महिने गाडी आपली पाच-साडेपाच टक्क्यांनी धूर सोडत फिरायला मोकळी, खिशात पास झाल्याची पावती.

दर सहा महिन्यांनी हा कार्यक्रम व्हायचा. मे आणि नोव्हेंबर. बाबा एकदा उस्तादांना म्हणाले, "हे म्हणजे ऑडिटच्या आदल्या दिवशी कॅशबुक जुळवल्यासारखं झालं." उस्तादांना कॅशबुक कळलं नाही, पण हसले. बाबाही हसले. मला वाटतं, हसण्यावारी नेलं म्हणूनच दहा वर्षं चाललं.

मधल्या काळात जग बदलत होतं. १९९५ पासून चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळायला लागलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून सगळ्या देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. लेकरांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, त्यामुळे हे फार मोठं काम झालं. पण जुन्या इंजिनांत एक गंमत होती. पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागेवर पातळ थर धरायचं आणि तिची झीज वाचवायचं. जे लेकरांना विष, ते जुन्या गाडीला औषध. ते औषध आता बंद झालं.

मग आला गॅस. नव्वदच्या दशकात घरचा लाल सिलिंडर डिकीत ठेवून गाडी चालवणारे किती होते, आठवतंय ना? आमच्या गल्लीत दोघे होते. स्वयंपाकाचा गॅस गाडीला लावणं बेकायदा आणि जिवावरचं. शेजारचे काका बाबांना आग्रह करायचे, "अहो, पेट्रोलच्या निम्म्यात पडतं." बाबा म्हणायचे, "डिकीत बॉम्ब ठेवून मी पोरांना शाळेत सोडायला जाऊ?" पण २००० साली कायद्यात दुरुस्ती झाली, गाडीसाठी एलपीजी रीतसर इंधन म्हणून मान्य झालं, पुढच्या वर्षी त्याचा आदेश निघाला. मंजुरी असलेली किट, वेगळी टाकी, आरसी बुकात नोंद. बाबांनी सगळे कागद वाचले आणि २००२ मध्ये किट बसवून घेतली. आरसीवर 'पेट्रोल/एलपीजी' असा शिक्का पडला, तेव्हा तो त्यांनी आईला चष्मा लावून वाचायला दिला होता.

म्हणजे आमच्या गाडीत आता दोन फेरफार होते. एकाची नोंद होती, एकाची नव्हती. आणि दोन्हींच्या खाली २३ वर्षांचं इंजिन.

आता आत्याची गोष्ट. बाबांची थोरली बहीण, परभणीला असायची. बाबा तिला आक्का म्हणायचे. तिला दमा. दर जूनमध्ये मृग लागला की ती नामपल्लीला उतरायची, बथिनी गौड कुटुंबाचं माशाचं औषध घ्यायला. नव्या पिढीला सांगायला हवं : जिवंत छोट्या मरळीच्या तोंडात पिवळा लेप ठेवून तो मासा दम्याच्या रोग्याला गिळायला देतात, आणि शाकाहारी माणसाला तोच लेप गुळात. पैसे घेत नाहीत. आधी जुन्या शहरात त्यांच्या घरी द्यायचे, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बहुतेक वर्षी आमच्या नामपल्लीच्या नुमाइश मैदानात. मृगाच्या आदल्या रात्री स्टेशनपासून मैदानापर्यंत माणसंच माणसं. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेकडून आलेली. म्हातारे, कडेवरची पोरं, धापा टाकणाऱ्या बाया. औषधाने गुण येतो की नाही यावर डॉक्टरांचे वाद आहेत, मी त्यात पडत नाही. आत्या मात्र पंपही घ्यायची आणि गुळातला लेपही.

जून २००४. आत्याला स्टेशनवरून आणायला बाबा आणि मी गाडी घेऊन गेलो. अंतर ते किती! पण तिला चालवत नव्हतं. गर्दीमुळे गाडी मुंगीसारखी सरकत होती, इंजिन नुसतंच चालू. मागच्या सीटवर आत्या खोकायला लागली. मला वाटलं प्रवासाचा शीण. मग म्हणाली, "अरे, तुझ्या गाडीत कसला वास येतोय? डोळे झोंबतायत." बाबांनी काचा खाली केल्या. तिचा खोकला वाढला. शेवटी तिला उतरवून, फुटपाथवर बसवून पंप दिला. आजूबाजूला शेकडो माणसं बसली होती, श्वासासाठी एवढ्या लांबून आलेली. आणि आमची पद्मिनी त्यांच्यासमोर उभी राहून धूर सोडत होती. खिशात मे महिन्याची पावती, २.९ टक्के, पास.

बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ते व्हरांड्यात बसलेले. म्हणाले, "अगं, गेली दहा वर्षं मी खोटी सही करतोय."

त्याच वर्षी दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन डिसेंबर २००४ ला पुन्हा संपत होतं. दुसरी म्हणजे १ ऑक्टोबर २००४ पासून पीयूसीचे नियम बदलले. यामागे आपल्या माणसाचा हात आहे हे मला नंतर कळलं. गाड्या आणि इंधनाचं राष्ट्रीय धोरण ठरवायला डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल २००२ मध्ये आला. भारत स्टेज दोनचे नियम एप्रिल २००३ पासून ज्या अकरा शहरांत नव्या गाड्यांना लागले, त्यात पुण्याबरोबर आपलं हैदराबादही होतं. आणि रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांसाठी पीयूसी कडक झाली. आमच्यासारख्या जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्केच राहिला, पण सोबत हायड्रोकार्बनही मोजायचा, १५०० पीपीएमच्या आत. भारत स्टेज दोन आणि पुढच्या गाड्यांना तर ०.५ टक्का आणि ७५०.

हायड्रोकार्बन म्हणजे न जळता तसंच बाहेर पडलेलं इंधन. एवढा एक आकडा वाढला आणि उस्तादांच्या स्क्रूची किमया संपली.

नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे गाडी व्हॅनकडे नेली. उस्तादांनी स्क्रू आत घेतलेला. कार्बन मोनॉक्साइड २.६, ठीक. हायड्रोकार्बन २९००. फेल. परत गेलो, स्क्रू आणखी आत. कार्बन मोनॉक्साइड १.१ वर आला, आणि हायड्रोकार्बन चार हजारांच्या पुढे! उस्ताद डोकं खाजवायला लागले. एक उतरवला की दुसरा चढतो. कारण पेट्रोल फार कमी केलं की ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही, आणि न पेटलेलं पेट्रोल तसंच नळीतून बाहेर. ज्यानं कोणी हे दोन आकडे जोडीनं मोजायचं ठरवलं, त्याला उस्तादांसारखे सगळे उस्ताद माहीत असणार.

व्हॅनवाल्या पोराने हळूच सांगितलं, "अंकल, टेन्शन नक्को लेओ. दुसरी गाडी का पाइप लगा देतूँ, नंबर आपका डाल देतूँ." सोपं होतं. पावती मिळाली असती, रजिस्ट्रेशन झालं असतं. नाही म्हटलं तर गाडी डिसेंबरात रस्त्यावरून उतरणार. आईची संधिवाताची दुखणी होती, दवाखान्याला गाडी लागायचीच. मी खरं सांगते, मी बाबांना म्हटलं, "घ्या ना, सगळेच घेतात."

बाबांनी पोराला चहाचे पैसे दिले, तपासणीची फी दिली, आणि 'फेल' लिहिलेला कागद मागून घेतला. तो पण फायलीत आहे, तीस पावत्यांच्या वेगळा, टाचणी लावून.

मग ते उस्तादांसमोर जाऊन बसले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "उस्ताद, पास नक्को करो. ठीक करो." उस्ताद बराच वेळ गप्प. मग जे म्हणाले ते मी विसरणार नाही : "साब, बीस साल से ये धंदा करतूँ. सब लोगां आके पास करो बोलते. ठीक करो किसी ने बोलेच नै."

पुढचे सोळा दिवस गाडी कडुलिंबाखाली उघडी पडली होती. उस्तादांनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघितलं. तिसऱ्यात दमच नव्हता. हेड उतरवलं, तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळून खाच पडलेली. शिशाचं पेट्रोल गेलं, वर कोरडा गॅस, आणि व्हॉल्व्हची बसण्याची जागा खात खात आत गेली होती. तिथून अर्धवट जळलेलं इंधन सरळ नळीत. स्क्रूने ते कसं थांबणार? बाबा वाकून वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे मूळ खात्यातच अफरातफर होती, आपण नुसती बेरीज खोडत होतो."

कामं झाली ती अशी. व्हॉल्व्हच्या जागी कडक धातूच्या नव्या सीट बसवल्या, नवे व्हॉल्व्ह, नवे गाइड. मारुतीचा कार्बोरेटर काढला. उस्तादांनी मूळचा सोलेक्स दहा वर्षं खोक्यात जपून ठेवला होता. त्याला नवा बुश आणि दांडा बसवून तो परत चढवला. प्लग, पॉइंट नवे. सायलेन्सरचा सांधा फुटला होता तो वेल्ड केला, डिकीचा गंजलेला तळ पत्रा लावून बंद केला. आत्याच्या नाकात जाणारा धूर तिथूनच येत होता. मुख्य म्हणजे गॅसच्या किटची सेटिंग आता पेट्रोलच्या सेटिंगशी भांडत नव्हती. खर्च बाबांच्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त झाला. आई आठवडाभर बाबांशी तुटक बोलत होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा व्हॅन. इंजिन नीट तापवून नेलं, चोक उघडा. या वेळी स्क्रूला कोणी हात लावला नाही. उस्ताद स्वतः सोबत आले, हे कधी झालं नव्हतं. पेट्रोलवर कार्बन मोनॉक्साइड १.७, हायड्रोकार्बन ८२०. गॅसवर त्याहून कमी. पोरगा म्हणाला, "क्या करे उस्ताद, नवा इंजिन डाले क्या?" उस्तादांनी छाती फुगवून गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. बाबांनी पावती दोनदा वाचली. खैरताबादला आरटीओत तपासणी झाली, पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन मिळालं.

पुढच्या मृगाला आत्या आली. आम्ही तिला त्याच गाडीतून आणलं. ती मागे बसली, वाटेत दोनदा नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "आता बरी आहे रे तुझी गाडी." बाबांचा चेहरा बघायला हवा होता.

गाडी २००९ पर्यंत चालली. नंतर बाबांनीच ती काढली. गुडघे राहिले नव्हते. २०१२ ला बाबा गेले, त्याच्या आधी आत्या गेली. उस्तादांची मुलं आता दुसऱ्या धंद्यात आहेत.

आता त्या रात्री मला झोप का लागली नाही ते सांगते. तीस पावत्या मी ओळीनं मांडल्या. पहिल्या वीस : २.८, २.९, २.७, २.९, २.८. दहा वर्षं गाडी म्हातारी होत गेली, पण आकडा हलला नाही. एकही जास्त नाही, एकही फार कमी नाही. कुठल्याही ऑडिटरला दिसलं असतं की हे खरं नाही. म्हणजे बाबांना रोज दिसत होतं. शेवटच्या दहा पावत्या मात्र खऱ्या गाडीसारख्या आहेत : १.७, १.९, मध्येच २.३, मग प्लग बदलल्यावर १.६. खरा आकडा खाली-वर होतोच.

आणि हे फक्त नामपल्लीच्या गल्लीतलं नाही हो. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीस आलं. डिझेल गाड्यांच्या संगणकात असा प्रोग्रॅम होता की गाडीची तपासणी चालू आहे हे तो ओळखायचा, आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचा. रस्त्यावर आली की पुन्हा जैसे थे. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. मी बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा उस्तादांचा पेचकसच आठवला. फरक इतकाच की उस्ताद स्क्रू हाताने फिरवायचे.

आता कायदे आणखी कडक आहेत. १० ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका असं सांगितलं होतं, ती अट २०२४ मध्ये मागे घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनं प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत गेला. त्याच वर्षी जानेवारीत न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की कारखान्यानं दिलेल्या मूळ रूपात फरक पडेल असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आलं. नवी गाडी स्वतःच बिघाड ओळखून दिवा लावते. हे सगळं चांगलंच आहे. पण रांगेत उभं राहून अजूनही माणसं विचारतात, "पास होईल ना?" "ठीक आहे का?" असं विचारणारं मी अजून कोणी पाहिलं नाही. मीसुद्धा बऱ्याचदा तेच विचारते.

माझा मुलगा परवा म्हणाला, "आई, ही फाईल स्कॅन करून ठेवू आणि कागद टाकून देऊ." मी म्हटलं, स्कॅन कर, पण कागद राहू दे. त्यातला टाचणी लावलेला 'फेल'चा कागद मी आजोबांच्या सनदेशेजारी ठेवलाय. दोन्ही आमच्या घराच्या प्रामाणिकपणाचे दाखले आहेत असं मला वाटतं, आणि दुसरा जरा जास्त महागात पडलेला.

तुमच्या घरी फियाट, अँबॅसडर होत्या का? त्यांचे उस्ताद कोण होते? मृगाच्या गर्दीत तुमच्याकडे कोण उतरायचं? खाली लिहा मंडळी. आपण नाही लिहिलं तर या गल्ल्यांचं कोण लिहिणार?